जुलाब-उलट्या: घरी कुठवर सांभाळायचं आणि दवाखाना कधी गाठायचा?

संथवारा (प्रश्न)

घरात तीन वर्षांची मुलगी (वजन १४ किलो) आणि सत्तरीचे सासरे, दोघांनाही काल संध्याकाळपासून पातळ जुलाब होताहेत. मुलीला उलट्याही आहेत, पाणी प्यायली की थोड्या वेळात बाहेर. अंग कोमट, थर्मामीटरवर १०० फॅरनहाइटच्या आसपास. सासऱ्यांना उलटी नाही, पण मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, गोळ्या रोजच्या चालू.

ओआरएस नेमकं किती आणि कसं द्यायचं? त्यात साखर असते, मग मधुमेह असताना चालतं का? जुलाब थांबवायची गोळी द्यावी का? आणि मुख्य प्रश्न: कुठल्या खुणा दिसल्या की घरचे उपाय सोडून निघायचं? ‘जास्त झालं तर दाखवा’ असं सगळेच सांगतात, पण जास्त म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

---

आरोग्यवही

जुलाब किती वेळा झाले या आकड्यावर काही ठरवू नका. आठ वेळा थोडंथोडं झालेलं मूल नीट पीत असेल, लघवी करत असेल तर ते घरी सांभाळता येतं. उलट चारच वेळा, पण पाण्यासारखं भसाभस झालेलं मूल काही तासांत मलूल पडू शकतं. तीन गोष्टींवर नजर ठेवा: शेवटची लघवी कधी झाली, पोटात गेलेलं टिकतंय का, आणि माणूस नेहमीसारखा बघतोय-बोलतोय का. पहिल्या गोष्टीची वेळ कागदावर लिहून ठेवा, कारण रात्री घाईगडबडीत ती कोणालाच नीट आठवत नाही.

मुलीला आत्ता असं तपासा. डोळे नेहमीपेक्षा खोल गेलेत का, रडताना अश्रू येतात का, जीभ ओली आहे का. मग पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीने कातडीचा उभा चिमटा घ्या. नखं लावायची नाहीत. एक सेकंद धरा आणि सोडा. कातडी लगेच सपाट झाली तर ठीक. घडी क्षणभर दिसत राहिली तर शरीरातलं पाणी कमी झालंय. घडी दोन सेकंदांहून जास्त टिकली तर घरी थांबायचं नाही.

तहानेकडेही बघा. मूल अधाशासारखं पाणी मागतंय, चिडचिड करतंय, म्हणजे पाणी कमी पडलंय, पण शरीर अजून झुंजतंय. तेच मूल पाणी मागायचं थांबलं, पेंगुळलं, ग्लास तोंडाशी नेला तरी पीत नाही, तर ‘शांत झोपलंय’ असं समजण्याची चूक करू नका. ही सगळ्यात धोक्याची अवस्था असते.

आता ओआरएस. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान पाकीट २०० मिलीचं. पूर्ण पाकीट एकदम घाला. अर्धी पूड आज, अर्धी उद्या असं करू नका, कारण पूड नुसत्या अंदाजाने सारखी विभागली जात नाही आणि मीठ-साखरेचं माप बिघडतं. पाणी आधी उकळून पूर्ण गार करा आणि मग पूड घाला. मिसळल्यावर उकळायचं नाही. चवीसाठी वरून साखर, मीठ, सरबत काहीही नको. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

सर्रास होणारी चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट एका ग्लासात मिसळणं. ते औषध राहत नाही. तहानलेल्या मुलाच्या रक्तात मीठ वाढतं आणि झटके येऊ शकतात.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरची शीग काढलेला. मीठ जास्त झाल्यापेक्षा किंचित कमी झालेलं बरं. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून ही तात्पुरती सोय समजा, पाकिटाला पर्याय नव्हे.

साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. जुलाबातही हा मार्ग बहुतेक वेळा शाबूत राहतो. ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जातं. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मीठपाणी तितकं उपयोगी पडत नाही, आणि साखर भरमसाट झाली तर ती उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

प्रमाण: पाणी कमी झाल्याच्या खुणा असतील तर पहिल्या चार तासांत दर किलोला ७५ मिली. १४ किलोला साधारण १०५० मिली. हा आकडा बघून घाबरू नका. दर मिनिटाला ५ मिलीचा एक चमचा दिला तर तासाला ३०० मिली जातं, म्हणजे चार तासांत पुरतं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. सुकल्याच्या खुणा अजिबात नसतील तर एवढं लागत नाही. मग प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, आणि मोठ्यांना हवं तेवढं.

चार तासांनी पुन्हा चिमटा, डोळे, लघवी बघा. सुधारणा नसेल तर डॉक्टरांकडे.

---

औषधमांडणी

वरच्या प्रतिसादाला माझी सहमती. सासऱ्यांबद्दल लिहितो, कारण घरात मूल आजारी असलं की म्हाताऱ्यांकडे लक्ष जात नाही.

आधी साखरेचं. ओआरएसमध्ये एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. २०० मिलीच्या ग्लासात तीन ग्रॅमही नाही. मधुमेह आहे म्हणून ओआरएस नाकारणं चूक आहे. आजारपणात ग्लुकोमीटरने दर चार तासांनी साखर तपासा आणि आकडे लिहून ठेवा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर लगेच डॉक्टरांशी बोला.

खरी काळजी गोळ्यांची आहे. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही गोळ्या मूत्रपिंडाला धक्का देतात, तर काही दुसरा अपाय करू शकतात. त्यांची यादी हातात ठेवून आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि ‘जुलाब होताहेत, यातली कुठली थांबवू?’ असं सरळ विचारा. नावाच्या शेवटावरून ओळखता येतात: ‘प्रिल’ (रामिप्रिल, एनालाप्रिल), ‘सार्टन’ (टेल्मिसार्टन, लोसार्टन), लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन, आणि ‘ग्लिफ्लोझिन’ (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन). या शेवटच्या गटात एक वेगळाच धोका आहे. खाणंपिणं कमी झालं की रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा मीटरवरची साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसते. मळमळ, पोटदुखी, धाप असं काही दिसलं तर ‘साखर तर ठीक आहे’ म्हणून थांबू नका. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातली पातळीही चढते, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

थांबवलेल्या गोळ्या साधारणपणे खाणंपिणं २४ ते ४८ तास नीट झालं की पुन्हा सुरू करतात. हेही त्याच फोनवर विचारून घ्या. नाहीतर त्या बंदच राहतात आणि पंधरा दिवसांनी रक्तदाब चढलेला सापडतो.

काही औषधं मात्र आपल्या मनाने कधीच बंद करायची नाहीत: इन्सुलिन (मात्रा बदलावी लागेल, पण पूर्ण बंद नाही), बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड, फिट्सची गोळी. स्टिरॉइड किंवा फिट्सची गोळी उलटीत पडत असेल तर इंजेक्शनची गरज लागू शकते, त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यात जायचंच.

म्हाताऱ्या माणसाला चिमट्याची खूण लागू पडत नाही, कारण कातडी वयानेच सैल झालेली असते. त्याऐवजी बसलेलं असताना रक्तदाब मोजा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा उभं राहताच गरगरलं, तर पाणी कमी आहे. वार विसरणं, असंबद्ध बोलणं, अचानक सुस्त होणं हे नव्याने सुरू झालं तर त्याला ‘वयामुळे’ म्हणू नका, निघा. म्हाताऱ्यांना तहानच कमी लागते, म्हणून ‘हवं तर मागतील’ यावर विसंबू नका. तासातासाने ग्लास हातात द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर मात्र किती द्यायचं ते आधी विचारा.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइड मुलीला अजिबात नको. मोठ्यांनाही शौचात रक्त किंवा ताप असेल तर नको. आतड्याची हालचाल थांबते आणि जंतू, त्यांचं विष आतच अडकतं. अँटिबायोटिकची उरलेली पट्टीही काढू नका. असे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यावर तिचा उपयोग नाही. शिवाय अँटिबायोटिक घेताना किंवा नंतरच्या काही आठवड्यांत जुलाब लागले तर ते त्या औषधामुळेच असू शकतात. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तापासाठी पॅरासिटामॉल: मुलांना दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. १४ किलोला २१० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर हे ८.७५ मिली होतं, ५ मिलीत २५० चं असेल तर ४.२ मिली, आणि १ मिलीत १०० चे थेंब असतील तर फक्त २.१ मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं तर चौपट औषध जातं आणि यकृताला इजा होऊ शकते. १०० ताप असून मुलगी खेळत असेल तर औषधाची गरजही नाही. आयब्युप्रोफेन आणि इतर वेदनाशामकं दोघांनाही टाळा, सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो.

---

संथवारा

दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी दोन गोळ्या तात्पुरत्या थांबवायला सांगितल्या. मुलगी चमचा ढकलते, ग्लासच मागते. ग्लास दिला की घटाघट पिते आणि उलटी. घरात ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेलं एक तयार पेय आहे, ते तिला आवडतं. ते दिलं तर चालेल का?

---

आरोग्यवही

डब्यावरच्या नावापेक्षा मागचा तक्ता वाचा. १०० मिलीमागे ग्लुकोज साधारण १.३५ ग्रॅम आणि सोडियम साधारण १७० मिलिग्रॅम असेल तर ते ओआरएस. साखर ५, ८, १० ग्रॅम आणि सोडियम ४०-५० मिलिग्रॅम दिसलं तर ते शीतपेय आहे, पुढे काहीही छापलेलं असो. खेळाडूंची पेयं घामासाठी बनवलेली असतात. जुलाबात क्षार त्याहून कितीतरी जास्त जातात. डब्याबंद रस आणि फसफसणारी पेयं तर भरमसाट साखरेमुळे जुलाब वाढवतात.

ग्लास मागणं स्वाभाविक आहे, ती तहानलेली आहे. पण ताणलेलं पोट लगेच उलटवतं. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. मुलीला मांडीवर उभट बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि हळूहळू सोडा. थेट घशाकडे मारू नका, ठसका लागतो. ओआरएस फ्रिजमध्ये गार केलं तर खारट चव कमी जाणवते. तासभर टिकलं की चमच्याऐवजी छोटे घोट, मग कप.

उपाशी ठेवू नका. उलट्या थांबल्या की तिचं नेहमीचं, सहज पचणारं खाणं थोडंथोडं सुरू करा. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध एकदाही चुकवायचं नाही. उपवासाने आतड्याचं अस्तर भरून यायला उलट वेळ लागतो. झिंक अनेक देशांत पाच वर्षांखालच्या मुलांना १० ते १४ दिवस देतात, मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, आणि जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

घरचे ‘सलाईन लावून आणा, लगेच ताकद येते’ म्हणतील. पिऊ शकणाऱ्या मुलाला त्याची गरज नसते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. त्याआधी ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आलं. तेही कॉलऱ्यात. शुद्ध हरपली, पिता येत नाही किंवा उलट्या थांबतच नाहीत, तेव्हा मात्र सलाईनच लागतं.

---

रात्रपाळी

निघायचं कधी, हा मूळ प्रश्न होता, म्हणून त्यावरच लिहिते.

वाट न बघता तात्काळ: मूल जागं होत नाही किंवा जागं राहत नाही, झटके, हातपाय गार आणि डागाळलेले, श्वास जोरात, उलटी हिरवी किंवा रक्ताची, शौच काळं डांबरासारखं किंवा रक्ताचं, पोट कडक फुगलेलं. भाताच्या धुवणासारखं पांढरट पाणी सतत जात असेल तर कॉलऱ्याची शंका. त्यात धडधाकट माणूसही काही तासांत कोसळतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप हेच एक कारण पुरेसं आहे, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला जुलाब-उलट्या असतील तर सुरुवातीलाच दाखवा.

त्याच दिवशी: बाळाचा डायपर सहा तास कोरडा, मोठ्या माणसाला आठ तासांत लघवी नाही किंवा अगदी गडद, चमच्याने देऊनही चार तासांत काही टिकत नाही, ताप १०२ च्या वर, मूल २४ तासांत आणि मोठा माणूस दोन दिवसांत सुधारत नाही. गरोदर स्त्री, कर्करोगाचे उपचार चालू असलेला माणूस, आणि तुमच्या सासऱ्यांसारखे रुग्ण यांच्यासाठी यापेक्षा लवकर.

एका गोष्टीवर मात्र मला जरा जोर द्यायचा आहे. नुसती उलटी, जुलाब नाही, ही पोटाची बाधा असेलच असं नाही. जुलाब नसताना ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ हा अंदाज बऱ्याचदा महागात पडतो.

आधी दुखणं, मग उलटी, आणि बेंबीभोवतीचं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, मूल एका पायावर उडी मारायला तयार नाही: अपेंडिक्सचा विचार करा. लहान बाळ थांबून थांबून किंचाळतं, गुडघे पोटाशी घेतं, मध्येच निपचित पडतं: आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं, आणि रक्तमिश्रित शेंबडासारखं शौच उशिरा दिसतं, त्याची वाट बघू नका. मूल महिनाभर खूप पाणी पीत होतं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं होतं, वजन उतरलं आणि आता उलट्या: रक्तातली साखर लगेच तपासा. डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी तर जठराची नसतेच असं धरून चाला. मोठ्या माणसाला, विशेषतः मधुमेह असेल तर, मळमळ, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. छाती दुखलीच पाहिजे असं नाही. त्याला पित्ताची गोळी देऊन झोपवू नका.

रक्ती जुलाबांबद्दल आणखी एक. जुलाब ओसरल्यावर आठवड्याभरात मूल फिकट पडलं, लघवी कमी झाली, अंगावर बारीक निळसर डाग आले, तर लगेच परत दाखवा. काही जिवाणूंच्या विषाने त्या टप्प्यावर मूत्रपिंड बिघडतं आणि घरी वाटतं की आजार तर संपला.

निघताना मूल शुद्धीत असेल तर वाटेतही ओआरएस चालू ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून न्या. शस्त्रक्रियेची शंका असेल, म्हणजे हिरवी उलटी किंवा कडक पोट, तर खाणंपिणं थांबवा. सोबत वजन, शेवटच्या लघवीची वेळ, दिलेल्या औषधांची नावं आणि वेळा, गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. शौचाचा किंवा उलटीचा फोटो काढून न्या. रंग सांगताना माणसं गोंधळतात, फोटोत लगेच कळतं.

---

औषधमांडणी

उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनबद्दल कोणीतरी विचारेलच. एक मात्रा मिळाली की मुलं ओआरएस टिकवू शकतात, हे खरं. पण मात्रा वजनावर ठरते, आणि वर लिहिलेल्या हिरव्या उलटीसारख्या खुणा आधी वगळाव्या लागतात. म्हणून तपासून घेतल्याशिवाय घरच्या डब्यातली देऊ नका.

---

रात्रपाळी

अगदी. आणि घरातल्या बाकीच्यांसाठी: अशा साथीत वारंवार सापडणारा नोरोव्हायरस हा विषाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान २० सेकंद, शौचाला जाऊन आल्यावर, डायपर बदलल्यावर आणि खाण्याला हात लावण्याआधी. उलटी आधी कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, मग ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० ते ४० मिली एक लिटर पाण्यात घालून ती जागा ओली करा, पाच मिनिटं राहू द्या, मग पुसा. खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास मुलीला शाळेत पाठवू नका, आणि आजारी असलेल्या मोठ्या माणसाने तोवर स्वयंपाकाला हात लावू नये.